कोईचा हौद आणि पिंपांचा फिल्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळ बंगला, मागच्या अंगणात काळी माती. तिथे १० बाय ६ फुटांचा, चार फूट पाण्याचा हौद करून सहा कोई, म्हणजे रंगीत जपानी कार्प मासे, पाळायचे आहेत. गवंडी म्हणतो आरसीसी करा, मेहुणे म्हणतात शेततळ्याचा कागद टाका. घरी दोनशे लिटरची दोन निळी पिंपं आणि अर्ध्या एचपीची जुनी मोटर पडून आहे, त्यातच फिल्टर बसवायचा बेत आहे. पाणी बोअरचं, कधी नळाचं. लहानसा धबधबा हवा, पाणी आरशासारखं हवं, आणि दसऱ्याला मासे सोडायचे आहेत.

मोटर विसरा, पिंपं ठेवा, धबधब्याचं शेवटी बघू. दसऱ्याचंही शेवटी. आता कारणं सांगतो.

बाजारात फिल्टर लिटरवर विकला जातो: ‘पाच हजार लिटरच्या हौदाला चालेल’ वगैरे. हा हिशोब फसवा आहे. फिल्टरला पाण्याचं ओझं नसतं, खाद्याचं असतं. तुमच्या हौदात २४० घनफूट, म्हणजे सुमारे ६,८०० लिटर पाणी बसेल. कोई आज बोटाएवढा आणलात तरी नीट वाढला तर काही वर्षांत दीड फुटाचा होतो, वजन सव्वा-दीड किलो. असे सहा म्हणजे आठ-नऊ किलो मासे. वजनाच्या एक टक्का धरलं तरी दिवसाला ऐंशी-नव्वद ग्रॅम खाद्य झालं, हिशोबाला शंभर धरू. ३५ टक्के प्रथिनं असलेल्या १०० ग्रॅम खाद्यातून, नायट्रोजनच्या हिशोबात, साधारण ३ ग्रॅम अमोनिया तयार होतो. तो बहुतेक सगळा कल्ल्यांतून थेट पाण्यात उतरतो, त्यामुळे विष्ठा कितीही काढली तरी त्यातून सुटका नाही. ६,८०० लिटरमध्ये ३ ग्रॅम म्हणजे रोज लिटरमागे ०.४५ मिलिग्रॅमची भर. फिल्टर नसेल तर तिसऱ्या दिवशी आकडा १.३ च्या पुढे.

हा आकडा किती घातक हे पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो, ९ ला एक तृतीयांशाच्याही वर. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा पीएच बरेचदा आठच्या आसपास किंवा थोडा वरच असतो. कोकणातल्या मऊ पाण्यात जे मासे दोन दिवस सुस्त पडून सावरतील, ते तुमच्याकडे कल्ले जळून मरतील. नव्या सिमेंटच्या हौदात तर पीएच दहाच्याही वर जातो, म्हणून तिथे पहिल्याच आठवड्यात मासे उताणे दिसतात आणि दोष दुकानदाराला दिला जातो.

हा अमोनिया संपवणारे जीवाणू आपोआप येतात. नायट्रोसोमोनास जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. त्यांना चिकटून बसायला पृष्ठभाग लागतो, भरपूर ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातली क्षारता, म्हणजे विरघळलेले कार्बोनेट-बायकार्बोनेट, लागते. किती पृष्ठभाग? एक चौरस मीटरवर दिवसाला ०.३ ग्रॅम अमोनिया संपतो असं बेताचं धरून चाललं तर तुमच्या ३ ग्रॅमला दहा चौरस मीटर पुरतात. के-वन नावाने मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या चाकांच्या घनमीटरला सुमारे ५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे वीस लिटर चाकांत काम झालं. तिप्पट घ्या, साठ लिटर. एका पिंपात आरामात बसतात.

म्हणजे जीवाणूंच्या जागेची चणचण नाहीच. तरी लोक फिल्टरभर खडी, विटा, सिरॅमिकच्या नळ्या, स्पंज आणि कोळसा भरतात, आणि चार महिन्यांनी झाकण उघडलं की अंड्यासारखा कुजका वास येतो. कमी पडते ती घाण बाहेर काढायची सोय. शंभर ग्रॅम खाद्यामागे पंचवीस-तीस ग्रॅम कोरडी घाण निघते, ओली केली तर बादलीचा तळ झाकेल एवढी. ती फिल्टरमध्ये अडकून राहिली की तिच्यावर दुसरेच जीवाणू पोसतात, ऑक्सिजन पितात आणि कामाच्या जीवाणूंना गुदमरवतात. फिल्टरमध्ये साठवलेली घाण ही पाण्यातच असलेली घाण असते, फक्त डोळ्याआड. रोज एक नळ फिरवून ती बागेत गेली पाहिजे. या एका गोष्टीभोवती बाकीचं सगळं बेतायचं.

आता खड्डा. काळ्या मातीत मी कागदाच्या, म्हणजे लायनरच्या बाजूने आहे, पण नुसत्या खड्ड्यात अंथरलेल्या नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हात हातभर भेगा पाडते. तिच्यात साधा आरसीसी हौद दोन-तीन उन्हाळ्यांत केसाएवढी चीर देतो, आणि केसाएवढ्या चिरेतून रोज शंभर लिटर पाणी जाऊ शकतं. म्हणून नऊ इंची विटांची भिंत, वर काँक्रीटचा पट्टा, बाहेरून मुरूम ठोकून भरलेला, आणि आत कागद. भिंत थोडी हलली तरी कागद निभावून नेतो. साडेतीन फूट खणा, एक फूट भिंत जमिनीच्या वर घ्या. पाणी चार फूट, वर सहा इंच मोकळे. वरची भिंत शोभेसाठी नाही. पहिल्या वळवात अंगणाचं पाणी, त्याबरोबर गुलाबांवर मारलेलं औषध आणि युरिया हौदात येऊ नये म्हणून आहे. बसायलाही होते.

कागदाचं माप: लांबी अधिक दोनदा खोली अधिक दोन फूट. तुमच्याकडे १० + ९ + २ म्हणजे २१ फूट, आणि ६ + ९ + २ म्हणजे १७ फूट. रबराचा ईपीडीएम मिळाला तर उत्तम, कोपऱ्यात नीट बसतो. नाही तर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा एचडीपीई चालतो. तो ताठ असतो, कोपऱ्यांत चुण्या पडतात आणि चुण्यांत घाण बसते. म्हणून शेततळ्याचं काम करणाऱ्या माणसालाच बोलवा आणि जागेवर पेटीसारखा वेल्ड करून घ्या. खाली आधी बारीक वाळूचा थर, त्यावर जुनं कार्पेट किंवा फेल्ट. आणि घुशींचा बंदोबस्त. बांधावरचे लोक हे सांगतात पण शहरातून आलेल्या माणसाच्या डोक्यात येत नाही: घूस भिंतीखालून येऊन कागद कुरतडते. तळाला तीन इंच काँक्रीट टाकलं की हा प्रश्न मिटतो. तुमच्याकडे पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरत असतील तर काँक्रीटखाली खडीचा थर आणि पाणी उपसायला उभा पाइप ठेवा, नाही तर खालून आलेलं पाणी कागदाला फुग्यासारखं वर उचलतं.

तळाला मधोमध चार इंचांचा बॉटम ड्रेन, म्हणजे पाणी आणि घाण फिल्टरकडे नेणारं तोंड. हा नसेल तर पुढचं वाचू नका. तळ चारही बाजूंनी त्याच्याकडे तीन-चार इंच उतरता. तयार ड्रेन मिळतो. घरी करायचा तर कागद दोन चकत्यांमध्ये रबरी गॅस्केटसह आवळणारा फ्लँज, आणि त्यावर इंचभर उंचीवर पालथी गोल थाळी. थाळीमुळे पाणी चारी बाजूंनी तळाला घासत आत ओढलं जातं. पाइप ११० मिलिमीटरचा पीव्हीसी, काँक्रीटमध्ये गाडलेला, काटकोनी एल्बो टाळून ४५ अंशांचे दोन बेंड. काँक्रीट ओतण्याआधी पाइपची दोन्ही टोकं बंद करून पाणी भरा आणि रात्रभर तसाच ठेवा. गवंडी कुरकुर करेल. करू द्या.

आता फिल्टर. पाणी गुरुत्वाकर्षणाने फिल्टरमध्ये यायला हवं आणि पंप सगळ्यात शेवटी हवा. हौदात पंप ठेवून त्याने फिल्टरकडे पाणी फेकलं तर पंपाचं पातं विष्ठेचा लगदा करतं, आणि लगदा कुठल्याही टाकीत खाली बसत नाही. पंप शेवटी असला तर घाण न फुटता, आहे तशी टाकीत येते. त्यासाठी टाकी आणि पिंपांमधली पाण्याची पातळी हौदाच्या पातळीएवढीच ठेवावी लागते, म्हणजे ती हौदाशेजारी खड्ड्यात बसवायची, काठ पाण्याच्या वर सहा इंच. रिकामं पिंप नुसतं मातीत गाडू नका. पावसाळ्यात माती ते चेपते किंवा पाणी वर तरंगवते. विटांची कोरडी चेंबर बांधा, माणूस आत उतरून नळ फिरवू शकेल एवढी.

पहिल्या कप्प्याला तुमचं दोनशे लिटरचं पिंप पुरणार नाही. पाणी दीड तासात एकदा फिरवायचं म्हटलं तर तासाला साडेचार हजार लिटर जाणार. दोनशे लिटरच्या पिंपात ते पावणेतीन मिनिटंही थांबत नाही, आणि एवढ्या वेळात जड विष्ठाच काय ती खाली बसते. म्हणून पहिल्या जागी पाचशे लिटरची गोल पाण्याची टाकी घ्या, इथे सहा-सात मिनिटं मिळतात. हौदातला चार इंची पाइप टाकीच्या मध्यभागी आणून तोंड वर करा. त्यावर तळ कापलेली मोठी बादली टांगा, वरची कड पाण्याच्या वर, खालची टाकीच्या मध्यापर्यंत. पाणी बादलीत वर येतं, मग खाली उतरतं, आणि बादलीखालून सगळीकडे पसरत हळूहळू वर चढतं. चढताना त्याच्यात जोर उरत नाही आणि घाण तळाला राहते. वरून पाणी गोळा करायला भोकं पाडलेला पाइप टाकीच्या कडेने फिरवा, एकाच तोंडातून काढलंत तर प्रवाह त्याच बाजूला ओढला जातो. टाकीच्या तळाला दोन इंची बॉल व्हॉल्व्ह. टाकी सपाट तळाची असेल तर आत सिमेंटचा उतार करू नका, क्षार सुटतो. टाकीच इंचभर कलती बसवा आणि कललेल्या बाजूला नळ द्या.

हा नळ पहिल्यांदा उघडाल तेव्हा जे दिसेल त्यावर सगळी रचना बरोबर आहे की नाही हे कळेल. पहिले दोन-तीन सेकंद काळपट, दाट पाणी, चहाच्या चोथ्यासारखे कण, मग तपकिरी, मग दहा-बारा सेकंदांत स्वच्छ. स्वच्छ दिसलं की बंद. सुरुवातीपासून फिकट गढूळच येत राहिलं तर घाण बसत नाही, वेग जास्त आहे. काहीच आलं नाही तर ती हौदाच्या तळालाच पडून आहे, उतार किंवा ड्रेनची थाळी तपासा. या पाण्यासाठी चेंबरच्या कोपऱ्यात एक छोटा खड्डा आणि त्यात मळपाण्याचा पंप ठेवा. तिथून नारळाला, केळीला. रोज पन्नास-साठ लिटर पाणी असं जातं, तेवढं ताजं भरावं लागतं, आणि पाणी बदलण्याचं काम त्यातच बरंचसं उरकतं.

पहिलं निळं पिंप दुसऱ्या कप्प्याला. त्यात फिल्टरचे ब्रश उभे टांगा किंवा कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत पॅकिंगची प्लॅस्टिक पट्टी सुटी करून सैल भरा. शेडनेटच्या सुरळ्याही चालतात. स्पंज नको, आठवड्यात चोंदतो. इथली घाण महिन्या-दीड महिन्याने काढायची: ब्रश हौदाच्या पाण्याच्या बादलीत झटकायचे आणि पिंप तळाच्या नळाने रिकामं करायचं. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुवायचं नाही. टाकी आणि पिंप यांमधल्या पाण्याच्या पातळीवर नजर ठेवा. पंप चालू असताना पिंपातलं पाणी नेहमीपेक्षा दोन इंच खाली गेलेलं दिसलं की ब्रश चोंदले, मग तारीख बघत बसू नका.

दुसरं पिंप चाकांचं. साठ लिटर के-वन आणि तळाला दोन मोठे एअर स्टोन, म्हणजे हवेच्या पंपाला जोडलेले, बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड. नवीन चाकं पहिले काही आठवडे वरच तरंगतात, ढवळली जात नाहीत आणि माणूस वैतागतो. त्यांच्यावर थर चढला की खाली-वर फिरायला लागतात. मुरलेलं चाक हातात घ्या: बाहेरून घासून पांढरं, आत मात्र पातळ, तपकिरी, किंचित बुळबुळीत अस्तर. वास ओल्या मातीचा. हे अस्तर म्हणजेच तुमचा फिल्टर. ते कधीही ‘स्वच्छ’ करू नका. चाकं परवडत नसतील तर बाटल्यांची बुचं किंवा वायरिंगच्या फ्लेक्झिबल पाइपचे इंचाचे तुकडे चालतात, पृष्ठभाग कमी म्हणून जास्त भरा. पण पिंपाच्या साठ टक्क्यांच्या वर नाही, फिरायला जागा हवी. बाहेर जाणाऱ्या तोंडावर करवतीने चिरा पाडलेला पाइप, नाही तर चाकं पंपात जातात.

पिंपं भंगारातून घेतलेली असतील तर आधी त्यात काय होतं ते विचारा. आंब्याचा पल्प किंवा सरबताचा अर्क असेल तर धुऊन घ्या. कीटकनाशक किंवा रंगाचं रसायन असेल तर दहा वेळा धुतलं तरी नको. झाकण लावून दोन दिवस उन्हात ठेवा, मग उघडून वास घ्या. प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं काही असेल तर उन्हात बाहेर येतं. आणखी एक: निळी पिंपं एचडीपीईची असतात. त्यांना पीव्हीसीचं सोल्युशन चिकटत नाही, सिलिकॉनही टिकत नाही. जोड आवळूनच करावा लागतो, रबरी सील किंवा दोन्हीकडून नटाचा टँक कनेक्टर. प्लंबर ‘एम-सील लावतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

धबधबा इथे येतो. चाकांच्या पिंपानंतर पंप, आणि पंपाचं पाणी थेट हौदात न सोडता भाजीच्या तीन प्लॅस्टिक क्रेटच्या उतरंडीवर सोडा. क्रेटमध्ये फ्लेक्झिबल पाइपचेच तुकडे, वर भोकं पाडलेला आडवा पाइप. पाणी झिरपत खाली पडताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ऑक्सिजन भरतो. जपानी लोक याला बक्की शॉवर म्हणतात. समोर दगडाची पातळ भिंत रचली की धबधबाही झाला आणि तो बिनकामाचा नाही झाला. उन्हाळ्यात याची किंमत कळते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत साडेसात, आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. पहाटे तर शेवाळाने रात्रभर तो खाल्लेला असतो. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात ते खायला मागत नाहीत.

मोटरचं गणित साधं आहे. अर्धा एचपी म्हणजे ३७० वॅट, प्रत्यक्षात ती त्याहून जास्त ओढते. चोवीस तास चालवायची, म्हणजे दिवसाला किमान नऊ युनिट, महिन्याला पावणेतीनशेच्या घरात. महावितरणचा स्लॅब चढत जातो तो वेगळाच. तासाला सहा हजार लिटरचा साठ वॅटचा तळ्याचा पंप महिन्याला त्रेचाळीस-चव्वेचाळीस युनिटांत भागवतो. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो; चार-पाच फूट चढवलंत की सहा हजारांचे चार-साडेचार हजार होतात, तुम्हाला तेवढेच हवेत. कूलरचा स्वस्त पंप घेऊ नका. आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवंच. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद. यात काटकसर चालत नाही.

वीज जाणार हे धरूनच चला. पंप इन्व्हर्टरवर नको, हवेचा पंप इन्व्हर्टरवर. तीस-चाळीस वॅटचा असतो, रात्र काढतो. एक नळी चाकांच्या पिंपात, एक हौदात. हवा चालू असेल तर जीवाणू आणि मासे दोन्ही तगतात. हवाही पाच-सहा तास बंद राहिली असेल तर पंप सुरू करण्याआधी दोन्ही पिंपं तळाच्या नळाने रिकामी करा, त्यातलं सडकं पाणी हौदात जाऊ देऊ नका.

‘आरशासारखं पाणी’ याबद्दल. वर सांगितलेली रचना नीट चालली तर पाणी तळ दिसेल इतकं निवळतं. हिरवं झालं तर पंपानंतर अठरा वॅटचा यूव्ही (अतिनील) दिवा बसवा आणि हौदावर दुपारची निम्मी सावली करा, ५० टक्क्यांची शेडनेट पुरते. पण हिरवं पाणी विषारी नसतं आणि नितळ पाणी सुरक्षित नसतं. जपानमधल्या निगाता भागात, जिथे हे मासे निपजले, तिथले उत्पादक उन्हाळाभर कोई चिखलाच्या गढूळ तळ्यांत वाढवतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी काँक्रीटच्या टाक्यांत आणतात. आपण फोटो टाक्यांचे बघतो. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि क्षारता मोजायचा थेंबांचा संच घ्या. डोळ्यांनी हे कळत नाही.

क्षारतेबद्दल थोडं, कारण हे कोणी सांगत नाही. एक ग्रॅम अमोनिया संपवताना जीवाणू सुमारे ७ ग्रॅम क्षारता खातात. तुमचे ३ ग्रॅम म्हणजे रोज एकवीस. बोअरच्या कठीण पाण्यात ती भरपूर असते आणि रोजच्या ताज्या पाण्याने भरून निघते, म्हणून तुम्हाला चिंता कमी. पण पावसाळ्यात आठ-दहा दिवस झड लागली की पावसाचं कोरं पाणी ती पातळ करतं. मोजा, आणि लिटरला ८० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर खायचा सोडा द्या. साधारण छत्तीस ग्रॅम सोडा एकवीस ग्रॅमची भरपाई करतो. ओव्हरफ्लोला जाळी लावलेला पाइप हवा, नाही तर त्याच झडीत मासे अंगणात.

बोअरचं पाणी थेट धारेने सोडू नका, त्यात ऑक्सिजन कमी असतो. क्रेटच्या उतरंडीवरून सोडा. नळाचं पाणी भराल तेव्हा क्लोरीन मारायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे, क्लोरीन लिटरला एक मिलिग्रॅम धरून हजार लिटरला १० ग्रॅम, आधी विरघळवून.

मग फिल्टर मुरवायचा. मासे नसताना त्याला खाऊ घालावं लागतं, त्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच, पण तो नको. प्रयोगशाळेच्या दुकानातून शुद्ध आणा. तुमच्या हौदाला २६ ग्रॅम टाकले की अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम होतो. तो शून्यावर आला की परत २६. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. एका दिवसात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य व्हायला लागले की फिल्टर तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. ओळखीच्या कोणाच्या निरोगी हौदातली मूठभर मुरलेली चाकं मिळाली तर वेळ बराच वाचतो. बाटलीतल्या जीवाणूंवर माझा फारसा भरवसा नाही.

राखणीचं लगेच उरकतो. खंड्या छोटे मासे नेतो, वंचक मध्यम. दिवड रात्री येतो, विषारी नाही पण कोईच्या पिल्लांवर ताव मारतो. मांजरांचं सांगायला नको. जाळी हवीच, आणि ती माणसाचं वजन पेलेल अशी लोखंडी ग्रिल करा, कारण चार फूट पाण्यात नातवंडं बुडू शकतात. काठावर कण्हेर नको, पानं विषारी. कमळाच्या कुंडीवर मोठे गोटे ठेवा, कोई माती उकरतात. झाडं हवीच असतील तर ब्रशच्या पिंपाच्या तोंडावर जाळीत अळू किंवा वाळा लावा, नायट्रेट ओढून घेतात. पण हौदात कधी औषध टाकलंत तर ते अळू वडीला नको.

आता दसरा. तुम्ही श्रावणात विचारताय. भर पावसात काळ्या मातीत साडेतीन फूट खणलंत तर भिंती ढासळतील, आणि खणलंतच तरी फिल्टर मुरायला सहा आठवडे उरत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर दसऱ्याला कुदळ मारली असती. दिवाळीनंतर बांधकाम, मार्गशीर्षात पाणी आणि पंप, पुढे थंडीभर अमोनियम क्लोराइडवर फिल्टर, आणि मासे फाल्गुनात, पाणी उबदार व्हायला लागेल तेव्हा.

सहा म्हणजे तुमच्या हौदाची कमाल आहे, सातवा नको. पहिल्या खेपेला तीनच आणा आणि फिल्टरला त्यांची सवय होऊ द्या. जपानी आयातीच्या मागे लागू नका, आपल्याकडे निपजलेले सहा-आठ इंची घ्या. रंगांची हौस दुसऱ्या वर्षी. आणल्यावर थेट हौदात सोडायचे नाहीत. वेगळ्या पाचशे लिटरच्या टाकीत, एअर स्टोन आणि हौदातल्या मुरलेल्या चाकांच्या पिशवीसह, तीन-चार आठवडे ठेवायचे. त्यात हजार लिटरला ३ किलो या हिशोबाने खडे मीठ, टप्प्याटप्प्याने दोन दिवसांत. रोज अंग बघायचं: खवल्यांवर सरकणारी पारदर्शक चकती दिसली तर ती माशाची ऊ, दोऱ्यासारखं लोंबताना दिसलं तर अँकर वर्म. कोई हर्पिसचा विषाणू १८ ते २८ अंशांत डोकं वर काढतो आणि त्यावर औषध नाही, म्हणून हे आठवडे उबदार पाण्यातच मोजायचे. टाकीची जाळी आणि बादली हौदाला लावायची नाही. आणि पुढे कधी मासे जड झाले तर दुसऱ्या हौदवाल्याला द्या, कृष्णेत किंवा वेण्णेत सोडू नका. कोई हा शेवटी सायप्रिनसच, म्हणजे साधा कार्प, नदीचा तळ उकरून पाणी गढूळ करतो.